खंडव्याची गाडी किती वाजता?

प्रिय 'लोकमान्य नगरची सून',

पत्राच्या शेवटी तू जो प्रश्न विचारलास, त्याचं उत्तर आधी देते, कारण तो तुला झोपू देत नाहीये. मुलीनं घरात सगळ्यांना 'ग्राउंडहॉग डे' दाखवला, म्हणजे फिल नावाच्या माणसाला तोच तो दिवस रोज नव्यानं जगावा लागतो तो विनोदी चित्रपट. सगळे पोट धरून हसले, आणि डिमेंशिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाईंना सांभाळणारी तू मात्र मावशीला लिहायला बसलीस: "तो चांगला वागायला लागला आणि सुटला. मग मी अडकलेय ती वाईट वागते म्हणून का?"

नाही गं, अजिबात नाही. १९९३ सालच्या त्या चित्रपटातला फिल २ फेब्रुवारी या एकाच दिवसात का अडकला, याचं कारण शेवटपर्यंत कुणीही सांगत नाही. शिक्षा हा शब्द तू आणलास, कारण मागच्या आठवड्यात सासूबाईंवर ओरडलीस ते तुला टोचतंय.

मला त्या गोष्टीत दुसरंच काही दिसतं. गावातल्या सगळ्यांची पाटी रोज सकाळी सहाला कोरी होते आणि कालचं आठवतं ते एकट्या फिलला. डिमेंशियाच्या माणसाला सांभाळणाऱ्याची हीच तर अवस्था! तुमच्या इंदूरच्या गल्लीत कचरागाडीचं गाणं वाजलं की सासूबाई उठून बसतात आणि विचारतात, "खंडव्याची गाडी किती वाजता?" त्यांना माहेरी जायचं असतं. तू खरं ते सांगतेस: आई, ती लाइन बंद झाली, मामाही आता नाहीत. भाऊ गेल्याची बातमी त्या रोज नव्यानं ऐकतात आणि रोज रडतात.

हे खरं सांगणं उद्यापासून सोड. त्यांना वेळापत्रक नकोय, माहेर हवंय. "आई, वाटेत कालाकुंडला कलाकंद घ्यायचात ना?" असं विचारून बघ. महूहून निघालेली ती छोटी गाडी पातालपाणीचा घाट उतरून कालाकुंडला थांबायची आणि पळसाच्या पानांवर कलाकंद विकायला यायचा, हे त्यांच्या पिढीला पक्कं आठवतं. परवा बोगद्यांबद्दल विचार, तेरवा डब्यात काय बांधून न्यायच्या ते विचार. प्रश्न त्यांचा तोच राहील, उत्तर मात्र तुझ्या हातात आहे. बोललेले शब्द त्या विसरतील, पण त्या बोलण्यानं आलेली खुशी किंवा दुखावलेपण बराच वेळ मनात रेंगाळतं. या आजारात हे होतं, आणि मला त्यात मोठी आशा वाटते.

झाडावरून पोरगं कधी पडणार हे फिलला माहीत असतं, म्हणून तो त्या वेळी धावत जाऊन खाली उभा राहतो. तुलाही असं बरंच माहीत आहे, डॉक्टरांपेक्षा जास्त. दिवेलागणीला त्यांची घालमेल वाढते, असं तूच लिहिलंस. मग अंधार पडायच्या आधीच घरभर दिवे लाव, बातम्या बंद कर, पुढ्यात मेथीची जुडी ठेव निवडायला. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला तर मात्र 'वय झालं' म्हणून सोडू नकोस, डॉक्टरांना दाखव. लघवीच्या संसर्गानंही तसं होतं.

त्या चित्रपटात एक म्हातारा भिकारी आहे. फिल त्याला गरम सूप पाजतो, छातीवर दाब देऊन श्वास द्यायचा प्रयत्न करतो, पुन्हा पुन्हा, तरी तो माणूस त्या रात्री जातोच. विनोदी चित्रपटात हे ठेवलं, याबद्दल मला त्या लोकांविषयी फार आदर आहे. सासूबाईंचा आजार तुझ्या सेवेनं बरा होणार नाही, आणि तो वाढला तर ती तुझी कसूर नाही.

आता तुझं. फिल थकत नाही, म्हातारा होत नाही, रोज सकाळी ताजातवाना उठतो. तू सत्तेचाळीसची आहेस, गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठतेस. त्याच्याशी बरोबरी करूच नकोस. एक गोष्ट मात्र त्याची घे: सगळ्या धावपळीत तो पियानो शिकतो. तुझी पेटी लग्नानंतर कपाटावर चढली ती उतरलीच नाही म्हणतेस. उतरव. मिस्टर ऑफिसातून आले की संध्याकाळचा एक तास आई त्यांच्या. त्यांना जमत नाही असं होणार नाही, आई त्यांचीच आहे.

आणि पुण्याचे दीर दर रविवारी फोनवर "आई कशी आहे?" विचारतात, तेव्हा "बरी आहे" म्हणणं आता थांबव. दुपारचे चार तास सांभाळायला बाई हवी आहे. चौकशी करून तिचा पगार ठरव. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, तिथेही विचार. मग रविवारी "जमेल तसं बघा" म्हणू नकोस. महिन्याचा आकडा सांग, त्यातला निम्मा त्यांचा म्हणून सांग, आणि कुठल्या तारखेपासून तेही सांग.

तुझी,
मावशी