14 वर्षांच्या गाडीचं इंजिन बदलायचं का? आधी गाडीखाली शिरा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. टाटा सोळा-तेरा ट्रक, कमिन्सचं 6 बीटी इंजिन, नोंदणी मार्च 2011 ची. पिंपळगावहून वाशीला कांदा, हंगामात द्राक्षाचे क्रेट, येताना मिळेल ते परतीचं भाडं. एका खेपेला 3 लिटर ऑइल खाते, धूर निळसर, आणि कसारा घाट चढताना टेंपरेचरचा काटा लालकडे सरकतो. मेस्त्री म्हणतो इंजिन संपलं. त्याने तीन आकडे दिलेत: आहे तेच इंजिन पूर्ण करायला, म्हणजे खोलून झिजलेलं सगळं बदलायला, 1 लाख 70 हजार, कंपनीने दुरुस्त करून दिलेलं दुसरं (रिकंडिशन) इंजिन 3 लाख 20 हजार, भंगारातलं चालू इंजिन 1 लाख 10 हजार. घरचे म्हणतात नवी गाडी काढा, हप्ता 52 हजार.

मी नाशिकच्या आडगाव नाक्यावरून 26 वर्षं गाड्या चालवल्या. त्यात तीन वेळा हा निर्णय घ्यावा लागला आणि दोन वेळा चुकला. त्या दोन चुका तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितोय.

या तीन आकड्यांतला कुठलाही निवडण्याआधी चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बघा. गाडी नीट धुऊन घ्या, खाली ताडपत्री टाका, टॉर्च घ्या आणि स्वतः शिरा, ड्रायव्हरला पाठवू नका. मागच्या कमानीचे (पाट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर जिथे चेसिसला रिव्हेट केलेले असतात तिथे, चेसिसच्या आडव्या क्रॉस मेंबरच्या कोपऱ्यात आणि स्टेअरिंग बॉक्सच्या ब्रॅकेटपाशी तारेच्या ब्रशने घासून बघा. कांद्याची गाडी असेल तर बॉडीच्या फळ्यांखालचे आडवे बारही बघा. सडक्या कांद्याचं पाणी वर्षानुवर्षं तिथे झिरपतं आणि लोखंड पापुद्र्यासारखं सुटतं.

2014 साली मी माझ्या दुसऱ्या गाडीचं इंजिन मनापासून पूर्ण करून घेतलं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड, पंप, सगळं. चार महिन्यांनी पासिंगसाठी (आरटीओच्या फिटनेस तपासणीसाठी) गाडी धुतली तेव्हा मागच्या हँगरजवळ चेसिसला केसासारखी चीर दिसली. आधीच्या मालकाने वरून पट्टी मारून वेल्डिंग केलेलं होतं, त्याच्या कडेनेच ती निघाली होती. गाडी विकावी लागली. घेणाऱ्याने मॉडेल बघितलं, टायर बघितले, चेसिस बघितली. नव्या इंजिनाचा त्याने एक रुपयाही जास्त दिला नाही. इंजिनावर घातलेला पैसा गाडी विकून परत मिळत नाही, तो गाडी चालवूनच वसूल होतो. म्हणून गाडी अजून किती वर्षं चालणार हे आधी ठरवायचं.

चेसिस ठीक निघाली तर कागदांकडे या. मार्च 2026 ला तुमच्या गाडीला 15 वर्षं पूर्ण होतात. पासिंग तुम्ही आताही दरवर्षी करताय, पर्यावरण कर भरताय, त्यात नवीन काही नाही. पण 15 वर्षांवरच्या जड गाड्यांची फिटनेसची फी एप्रिल 2022 पासून कितीतरी पट वाढलेली आहे. पेठ रोडच्या आरटीओत जाऊन तुमच्या गाडीला 15 वर्षांनंतर नेमकं किती लागेल ते विचारा आणि तो आकडा इंजिनाच्या खर्चात धरा. गाडी बीएस-3 आहे, म्हणजे प्रदूषणाच्या जुन्या मानकाची, तेही लक्षात असू द्या. 1 नोव्हेंबर 2025 पासून बाहेर नोंदलेल्या बीएस-3 मालगाड्यांना दिल्लीत प्रवेश नाही. दिल्लीच्या आझादपूर बाजारात कांदा न्यायचं तुमच्या मनात असेल तर या गाडीने ते होणार नाही. तुम्ही फक्त वाशीच लिहिलंय, आणि वाशीपुरती ही गाडी पुरते.

आता इंजिन. मेस्त्रीने ते खोलून बघितलंय की धूर बघून सांगितलंय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं धूर बघूनच सांगितलं असावं. ऑइल खाणारी गाडी म्हणजे पिस्टनवरच्या रिंगा गेल्या, असं सगळे धरून चालतात. पण या इंजिनात रिंगांशिवाय ऑइल खाणाऱ्या आणखी निदान दोन जागा आहेत, आणि या दोन्ही इंजिन न उघडता तपासता येतात.

पहिली जागा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. टर्बोकडून इंजिनात जाणारा हवेचा पाइप काढा आणि आत बोट फिरवा. थोडी ओल असते, ते चालतं. ऑइल ओघळत असेल तर टर्बोचं सील गेलंय आणि तेच ऑइल जळून निळा धूर येतोय. मग एअर फिल्टरकडून टर्बोत येणारा पाइपही काढा आणि टर्बोची शाफ्ट हाताने हलवून बघा. किंचित खेळ चालतो, पण पंखा कडेला घासण्याइतकी ती वरखाली खेळत असेल तर संशय पक्का. दुसरी जागा ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर. संध्याकाळी गाडी उभी केली की हवेच्या टाकीचा कॉक उघडा. नुसतं पाणी आलं तर ठीक. काळं चिकट ऑइल आलं तर कॉम्प्रेसर ऑइल फेकतोय. ते ऑइल ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतं, म्हणून कसारा उतरणाऱ्या भरल्या गाडीला ते तसंच ठेवणं धोक्याचं आहे. हे काम इंजिनाच्या आधी करा.

या दोन्ही जागा कोरड्या निघाल्या तर रिंगांवर या. गाडी गरम असताना, चालू ठेवून, ऑइल भरायचं झाकण सैल करा. वाफ हळू येत असेल तर ठीक. झाकण उडू लागलं, भकाभका धूर आला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगांमधून गॅस खाली गळतोय. मग डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करून तो सिलेंडर बंद पाडा. प्रेशर फार असतं, हात लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. जो बंद पाडूनही इंजिनाचा आवाज पडत नाही तो सिलेंडर मेलेला. सहापैकी एकच तसा निघाला तर आधी त्याचं नोझल बदलून बघा. एका नोझलसाठी अख्खं इंजिन बदललेल्या गाड्या मी बघितल्यात.

यानंतर ऑइल प्रेशर. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. मेस्त्रीला मेकॅनिकल गेज लावायला सांगा आणि गाडी चांगली गरम झाल्यावर वाचा. या इंजिनाला स्लोवर (रेस न देता) किमान 10 पीएसआय आणि पूर्ण आरपीएमला किमान 30 पीएसआय लागतं. त्याच्या खाली असेल तर बहुधा बेअरिंग आणि क्रँक झिजलेत, मग नुसत्या रिंगा टाकून भागणार नाही. प्रेशर भक्कम असेल आणि बॅक कॉम्प्रेशनही कमी असेल, तर इंजिन संपलेलं नाही.

काटा लालकडे जातो, हे तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंय. माझ्या लेखी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. 2009 साली माझं पहिलं इंजिन कसाऱ्यातच गेलं. परतीचा माल भरलेला, मे महिना, निम्म्या घाटात वाफ आली. तेव्हाही भंगारातलं इंजिन स्वस्त मिळालं म्हणून मी ते बसवलं. सात महिन्यांत तेही गेलं. कारण गरम होण्याचं मूळ इंजिनात नव्हतं, रेडिएटरमध्ये होतं. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातल्यामुळे नळ्यांत क्षार बसून त्या अर्ध्या बंद झाल्या होत्या. पहिल्या इंजिनाला ज्याने मारलं त्याच्याच हवाली मी दुसरं केलं. ती चूक मला आजही सलते. तुमचं रेडिएटर आधी काढून रॉडिंग करून घ्या, म्हणजे नळ्यांत सळई घालून क्षार काढून घ्या. पाण्याऐवजी कूलंट घाला. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, जागेवर आहे का, हे मुद्दाम विचारा. गाडी गरम होते म्हणून कित्येक मेस्त्री तो काढून फेकतात. या इंजिनात थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा बायपासची वाट बंद करतो. तो नसला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच फिरतं, मग घाटात गाडी जास्तच तापते.

एवढं करूनही इंजिन खरंच थकलेलं निघालं, तर माझं मत तुमचं स्वतःचं इंजिन पूर्ण करून घेण्याचं आहे. कारण हा ब्लॉक तुमचा आहे, तो कसा वापरला ते तुम्हाला माहीत आहे आणि नंबर आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) आहे. या ब्लॉकला वेगळा लायनर (बदलता येणारी आतली नळी) नसतो, सिलेंडर ब्लॉकमध्येच कोरलेले असतात. म्हणून बोअरिंगवाल्याकडून आधी मोजून घ्या की आत्ता स्टँडर्ड आहे, अर्धा मिमी वाढवलेला आहे की एक मिमी. स्टँडर्ड किंवा अर्ध्यावर असेल तर बोअर करून मोठे पिस्टन बसतील. एकवर पोचला असेल तर आत नवी नळी (स्लीव्ह) टाकावी लागेल आणि 1 लाख 70 हजारांचा आकडा वाढेल. क्रँकही आधी किती वेळा घासलाय ते मोजा. ब्लॉकला चीर असेल किंवा क्रँक शेवटच्या मापावर असेल, तरच रिकंडिशनचा विचार करा.

भंगारातल्या इंजिनाबद्दल मी ठाम आहे. ते गाडीवर चालू स्थितीत ऐकायला मिळालं, गेज लावू दिला आणि मूळ गाडीचे कागद हातात दिले तरच घ्या. कागद नसतील तर नको. इंजिन दुसरं बसवलं की त्याचा नंबर आरसीवर चढवावा लागतो आणि विमा कंपनीलाही कळवावा लागतो. माझ्या एका जवळच्या मित्राने ते केलं नाही. पुढे गाडी उलटली आणि ब्लॉकवरचा नंबर आरसीशी जुळला नाही, म्हणून दावा अडला. दोन वर्षं तो माणूस चकरा मारत होता, तोवर गाडी गंजून गेली.

हिशोब असा मांडा. गाडी आणखी 3 वर्षं चालवायची धरली तर 1 लाख 70 हजार म्हणजे महिन्याला साधारण 4,700 रुपये. रिकंडिशनचे 8,900. नव्या गाडीचे 52 हजार, आणि तो हप्ता कांद्याचा भाव पडला, भाडी थांबली तरी थांबत नाही. चेसिस चांगली असताना, फक्त वाशीच्या फेऱ्यांसाठी, मी तुमच्या जागी नवी गाडी काढणार नाही. चेसिसला चीर निघाली तर मात्र इंजिनाला हातही लावू नका, आहे तशी विका.

वेळेचं बघा. जानेवारीत द्राक्षं सुरू होतील. क्रेट भरलेली गाडी घाटात बंद पडली तर भाड्यासोबत बागायतदाराचा मालही जातो, आणि तो शेतकरी पुढच्या वर्षी तुम्हाला फोन करत नाही. काम काढायचंच असेल तर डिसेंबरच्या मध्याआधी गाडी गॅरेजला लावा. पूर्ण झालेलं इंजिन पहिले हजार-दीड हजार किलोमीटर अर्ध्या वजनावर चालवा, मग ऑइल आणि फिल्टर बदला. त्या काळात चढाला उंच गिअरमध्ये कोंडू नका. परतीला काही दिवस इगतपुरीपर्यंत समृद्धी महामार्गाने या. टोल जाईल, पण नव्या रिंगांवर कसाऱ्याचा चढ पडणार नाही.

तुमची पुढची खेप गुरुवारी आहे असं लिहिलंय. परत आलात की गाडी गार व्हायच्या आत गेज लावून घ्या, हवेच्या टाकीचा कॉक उघडा, टर्बोचा पाइप काढून बघा. स्लोवरचं प्रेशर, पूर्ण आरपीएमचं प्रेशर आणि चेसिसच्या हँगरपाशी काय दिसलं, एवढं कळवा. बोअरिंगवाल्याकडे मापं घ्यायला मी स्वतः तुमच्याबरोबर नाशकातल्या अंबडला येतो.