कणीक आणि फळं घालून घरी केलेले वॉफल मऊ आणि वातड होतात. कुरकुरीत कसे करायचे?

तुम्ही लिहिलंय की मैदा पूर्ण काढून सगळी कणीक घेतली, साखरेऐवजी दोन केळी कुस्करून घातली आणि बटरऐवजी सफरचंदाचा गर. वॉफल साच्याला चिकटून फाटले, जे निघाले ते वातड झाले आणि मुलांनी अर्धे तसेच ठेवले. शेवटी तुम्ही विचारलंय की पौष्टिक वॉफल कुरकुरीत होऊच शकत नाहीत का.

होतात. मी गेली काही वर्षं जवळजवळ दर आठवड्याला करते आणि त्यात मैदा चमचाभरही नसतो. पण सुरुवातीला मीही नेमका तुमच्याच वाटेने गेले होते, म्हणून तुमचं कुठे अडलं ते मला लगेच कळलं. तुम्ही केलेल्या तिन्ही बदलांमुळे पिठातलं पाणी सांभाळणं अवघड झालं. त्यात तुम्ही स्निग्धांशही काढून टाकलात, आणि कुरकुरीतपणाचा खरा आधार तोच असतो.

वॉफल म्हणजे दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबून धरलेलं पातळ पीठ. त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, बाहेरचा थर सुकतो, तांबूस होतो आणि कुरकुरतो. आत पाणी जास्त राहिलं तर तीच वाफ साच्यातून काढल्यावर हळूहळू बाहेर येते आणि कवच सादळतं. आता हिशोब करा. केळ्यात साधारण ७५ टक्के पाणी असतं, सफरचंदात ८५ टक्क्यांच्या आसपास. दोन केळ्यांचा गर २०० ग्रॅम धरला तर त्यातूनच १५० ग्रॅम पाणी आलं, म्हणजे अर्ध्या कपाहून जास्त. त्यावर सफरचंदाचा गर. एवढं पाणी पाच मिनिटांत साच्यातून जाणं शक्यच नाही.

आणि मोहन. पिठात मोहन कमी पडलं की पदार्थ खुसखुशीत होत नाही, कडक किंवा चिवट होतो, हे आपल्याला माहीत असतं, पण पदार्थाचं नाव नवीन असलं की तेच आपण विसरतो. तेल पिठाच्या कणांवर बसतं, ग्लुटेनचे धागे लांब होऊ देत नाही, साच्याची उष्णता पृष्ठभागावर सगळीकडे सारखी पोचवते आणि वॉफल साच्यापासून सुटायला मदत करतं. फळाचा गर यातलं काहीच करत नाही. मऊ केकमध्ये थोडा गर चालून जातो, वॉफलमध्ये नाही. म्हणून माझं सांगणं असं, की तेल काढू नका, पाणी काढा.

बटरची काळजी वाटत असेल तर ती मला समजते. पण त्यावर उपाय गर नाही, द्रवरूप वनस्पती तेल आहे. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं आणि त्यातले बरेचसे मेद संपृक्त असतात. सूर्यफुलाचं किंवा ऑलिव्हचं तेल घेतलं तर पाणी शून्य आणि असंपृक्त मेदांचं प्रमाण जास्त. वॉफल जास्त कुरकुरीत होतो आणि तब्येतीच्या दृष्टीनेही सौदा चांगला. चवीसाठी चमचाभर वितळलेलं बटर मी कधीकधी घालते, बाकी सगळं तेल.

आता धान्य. कणकेत कोंडा आणि अंकुर दोन्ही असतात. मैदा करताना ते काढून टाकतात. १०० ग्रॅम कणकेत १० ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, मैद्यात ३ ग्रॅमच्या जवळपास. तुम्ही केलेला हा बदल अगदी योग्य होता, फक्त त्याला वेळ द्यायला हवा होता. कोंडा पाणी भरपूर पितो, पण सावकाश पितो. लगेच साच्यात ओतलं तर कोंडा कोरडा आणि खरखरीत राहतो आणि मोकळं पाणी पिठात नुसतं फिरत राहतं. पीठ २० मिनिटं झाकून ठेवा. मुलांना ‘मातकट’ लागणारी चवही यामुळे बरीच सौम्य होते. ती चव फारच कडवट वाटत असेल तर आधी कणीक हुंगून बघा. अंकुरात तेल असल्यामुळे कणीक मैद्यापेक्षा लवकर खवट होते, आणि खवट पिठावर केळं, दालचिनी, व्हॅनिला यांपैकी कशाचाच इलाज चालत नाही. कमी वापर असेल तर फ्रिजमध्ये हवाबंद ठेवा.

कणकेबरोबर मी ओट्स घेते, मिक्सरमधून बारीक करून. ओट्समध्ये ग्लुटेन तयार होत नाही, त्यामुळे वॉफलचा चिवटपणा कमी होतो. शिवाय त्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेला तर कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते, आणि १०० ग्रॅम ओट्समध्ये तो साधारण ४ ग्रॅम असतो. पण हाच तंतू पाणी धरून ठेवतो, त्यामुळे एकूण पिठाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त ओट्स झाले की वॉफल आतून गिच्च लागतो. कुरकुरीत दाणेदारपणा आवडत असेल तर दोन-तीन चमचे ओट्स काढून तेवढं मक्याचं जाडसर पीठ घाला, फरक पहिल्याच घासाला कळतो.

माझं प्रमाण असं आहे. मध्यम आकाराचे सहाएक वॉफल होतात. कणीक १५० ग्रॅम, ओट्सचं पीठ ५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे, अर्धा छोटा चमचा मीठ, थोडी दालचिनी. कॉर्नफ्लोअर हा काही पौष्टिक घटक नाही, पण तो बाहेरचा थर कोरडा आणि कुरकुरीत करतो, आणि त्या दोन चमच्यांमुळे बाकीचं २०० ग्रॅम अख्खं धान्य मुलांच्या पोटात जातं, म्हणून तो मी सोडत नाही. ओल्या बाजूला १ कप दूध, अर्धा कप दही, २ अंड्यांचा पिवळा बलक, ७५ ग्रॅम तेल, व्हॅनिला आणि अर्धं केळं. केळं सालीवर काळे ठिपके आलेलं घ्या. कच्चट केळ्यात स्टार्च जास्त असतो, पिकताना त्याची साखर होते. असं अर्धं केळं, म्हणजे ५० ग्रॅम गर, साधारण ६ ग्रॅम साखर देतं आणि रंग छान आणतं. याहून जास्त केळं पिठात घालू नका.

हे सगळं गुठळ्या मोडण्यापुरतंच ढवळा. फेटत बसलात तर कणकेतलं ग्लुटेन जागं होतं आणि वातडपणा परत येतो. झाकून २० मिनिटं ठेवा. साचा तापत असताना २ छोटे चमचे बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा चाळणीतून वरून भुरभुरवा आणि हलक्या हाताने मिसळा. सोड्याला लागणारं आम्ल दह्यातून मिळतं. सोडा अंदाजाने जास्त टाकू नका. साबणासारखी चव तर येतेच, शिवाय पिठात ब्लूबेरी असतील तर त्यांच्याभोवती हिरवट-निळे डाग पडतात, कारण त्यांचा जांभळा रंग आम्लात लालसर आणि अल्कलीत निळा-हिरवा होतो. डाग अपायकारक नाहीत, पण मुलं असा वॉफल हातात घेत नाहीत. सगळ्यात शेवटी अंड्यांचा पांढरा भाग वेगळा फेटून, मऊ शेंडे उभे राहायला लागले की, पिठात अलगद कालवा. कोंड्यामुळे पीठ जड होतं, ही हवा ते हलकं करते. एवढा वेळ नसेल तर अख्खी अंडी आधीच घाला, वॉफल थोडा दाट होईल पण चांगला होईल. अंडं चालत नसेल तर एका अंड्याऐवजी १ मोठा चमचा जवसाची पूड ३ चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घ्या. मात्र तेव्हा साच्यात आणखी एक-दोन मिनिटं ठेवावं लागतं. पीठ पळीवाढं असावं. २० मिनिटांनी फारच घट्ट झालं तर दोन-तीन चमचे दूध घाला.

फळांबद्दल मी आता बऱ्यापैकी हट्टी झाले आहे. बहुतेक फळांची जागा वॉफलच्या वर आहे, आत नाही. फळातली साखर तापलेल्या पत्र्याला लागली की जळते, चिकटते, आणि पुढचा प्रत्येक वॉफल त्याच जागी फाटतो. तुमचं चिकटणं बरंचसं यामुळेच होतं. आत घालायचंच असेल तर सफरचंद किंवा पेअर जाड किसून, स्वच्छ फडक्यात घट्ट पिळून घाला, सहा वॉफलना एक लहान फळ पुरे. निघालेला रस पिऊन टाका. बेरी घालायच्या असतील तर पिठात ढवळू नका. साच्यात पीठ ओतल्यावर वरून मोजक्या पेरा आणि त्यांवर चमचाभर पीठ सोडा, म्हणजे त्या पत्र्याला थेट लागत नाहीत. गोठवलेल्या बेरी वितळवून घेतल्या तर पाणी सोडतात, तशाच टाका. मनुका आणि खजुराचे तुकडे पिठात मी पूर्णपणे बंद केले आहेत, ते हमखास जळतात. फळाचा स्वाद हवा आणि पाणी नको असेल तर संत्र्याची किंवा लिंबाची साल किसून घाला. पांढरा कडू भाग सोडून, फक्त वरचा रंगीत. अख्ख्या घाण्याला एका संत्र्याची साल पुरते आणि स्वयंपाकघरभर वास दरवळतो.

वर घालण्यासाठी कुठलंही ताजं फळ चालेल, पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते शिजवलेलं. दोन वाट्या बेरी किंवा चिरलेलं पीच, चमचाभर लिंबाचा रस, मंद आचेवर सात-आठ मिनिटं. फळ स्वतःचं पाणी सोडतं, मग ते आटतं आणि चव एकवटते, त्यामुळे साखर न घालताही गोड लागतं. पातळ वाटलं तर गार होताना एक छोटा चमचा चिया घाला. सोबत घट्ट दही ठेवलंत तर थोडी प्रथिनंही मिळतात आणि भूक लवकर लागत नाही. फक्त ताजं किवी, अननस किंवा पपई दह्यात आधीपासून मिसळून ठेवू नका. त्यांतली विकरं दुधातली प्रथिनं तोडतात आणि दही कडू होतं. खाताना वर घातलं तर हरकत नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते, कारण ‘साखर नाही’ म्हणून मध भरपूर ओतणारे पालक मी पाहिले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मोकळ्या साखरेबद्दल मार्गदर्शन दिलं. दिवसभराच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि जमल्यास ५ टक्क्यांपेक्षा कमी. प्रौढ माणसासाठी ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, लहान मुलांसाठी त्याहून कमी. या मोकळ्या साखरेत मध, सिरप आणि फळांचा रस मोजला जातो. अख्ख्या फळातली साखर मोजली जात नाही. दोन मोठे चमचे मध म्हणजे ३० ग्रॅमहून जास्त साखर. पिठात कणीक घालून जे कमावलं ते असं वरून ओतून जातं. माझ्या मते पिठात एक चमचा साखर घालणं आणि वर सिरप न देणं हे त्यापेक्षा कितीतरी बरं. घरात एक वर्षाखालचं बाळ असेल तर त्याला मध अजिबात देऊ नका, बोट चाटवण्याइतकाही नाही. त्यातून बोट्युलिझम या जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

साच्याबाबत थोडंसंच. तो पूर्ण तापू द्या, दिवा लागल्यावरही दोन मिनिटं थांबा. तेल ब्रशने लावा. डब्यातल्या स्प्रेमध्ये बहुधा लेसिथिन असतं, त्याचा चिकट थर नॉनस्टिकवर साचत जातो. मध्येच झाकण उघडू नका, अर्धवट भाजलेला वॉफल तिथेच दोन भागांत फाटतो. आणि ‘झालं’ असं सांगणाऱ्या दिव्यावर विसंबू नका. कणकेच्या वॉफलला जास्त वेळ लागतो. बाजूने येणारी वाफ बघा: ती जवळजवळ थांबली की आणखी अर्धा मिनिट ठेवा आणि मग उघडा. रंग खरपूस हवा, फिका सोनेरी नाही.

काढलेला वॉफल ताटात ठेवू नका, एकावर एक तर मुळीच नाही, नाहीतर खालून वाफ धरते. जाळीवर ठेवा. सगळ्यांना एकदम वाढायचे असतील तर जाळीसकट १०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले की पंधरा-वीस मिनिटं तसेच राहतात.

शाळेच्या दिवशी सकाळी हे सगळं होणार नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी दुप्पट करा, जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, सुटे सुटे पसरून फ्रीझरमध्ये कडक करा आणि मग पिशवीत भरा. महिनाभर छान राहतात. काढल्यावर वितळू न देता थेट टोस्टरमध्ये टाका, मायक्रोवेव्हमध्ये नको. दुसऱ्यांदा भाजताना उरलंसुरलं पाणीही निघून जातं, आणि आमच्याकडे तर ताज्यापेक्षा हेच वॉफल आधी संपतात.