गारगोटी की चर्ट?

प्रश्न : प्रयाग चिखलीजवळ नदीपात्रात मुठीएवढा तपकिरी, तुळतुळीत दगड मिळाला. त्याने काचेवर चरा पडतो. मुलाच्या पुस्तकात ‘चर्ट’चं असंच वर्णन आहे. हा चर्टच का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी दगडाची ताजी बाजू बघा, नदीत घासलेल्या पृष्ठभागावरून काहीच ठरत नाही. डोळ्यांना गॉगल लावा, दगड जाड कापडात गुंडाळा आणि कडेला हातोडीचा घाव घाला. जाड बाटली फुटल्यावर काचेत उमटतात तशा गोलसर वळ्या दिसल्या, चमक मेणासारखी मंद असली आणि कण नजरेला दिसलेच नाहीत, तर ती सूक्ष्मकणी सिलिका, म्हणजे क्वार्ट्झचंच द्रव्य. चर्ट याच गटातला. कपच्यांना धार असते, बोटं सांभाळा.

आता स्टीलच्या सुरीचं टोक दाबून ओढा. करडी रेघ उमटली की चरा पडला असं वाटतं आणि नेमकी इथेच फसगत होते. ओल्या बोटाने पुसा. रेघ गेली तर झिजली ती सुरी. खनिजांच्या १ ते १० या मोह्स मापावर सुरीचं काठिण्य साधारण ५.५, या दगडाचं ६.५ ते ७.

व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फसफसला नाही तर चुनखडक बाद. फक्त भेगेतच बुडबुडे आले तर तिथे कॅल्साइट, म्हणजे चुनखडकातलं खनिज, भरलेलं आहे. दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून वजन करता आलं तर उत्तमच : कोरडा २६० ग्रॅम आणि पाण्यात १६० भरला, तर फरक १००, २६० भागिले १००, म्हणजे घनता २.६. आपला काळा पाषाण (बेसाल्ट) बहुधा २.८ च्या पुढे जातो.

पण या सगळ्या कसोट्यांना कॅल्सिडनीही उतरते, कारण दोन्हींत क्वार्ट्झचेच अतिसूक्ष्म स्फटिक. फरक जन्माचा आहे. चर्ट हा गाळाचा खडक : समुद्रतळावर साचलेल्या रेडिओलारिया, डायटम हे सूक्ष्म जीव आणि स्पंज यांच्या सिलिकामय सांगाड्यांपासून झालेला, किंवा चुनखडकाची जागा सिलिकाने घेतल्यामुळे तयार झालेला. पंचगंगेच्या उपनद्या मात्र सह्याद्रीच्या बेसाल्टातून येतात. त्या लाव्हातल्या वायूच्या पोकळ्या सिलिकाने भरल्या की कॅल्सिडनी, अकीक तयार होतात. तुमच्या दगडात वळणदार पट्टे, मधोमध स्फटिकांची पोकळी किंवा कडेला चिकटलेला काळा पाषाण दिसतो का ते बघा. आमचा कौल कॅल्सिडनीकडे. चर्ट मूळ जागी बघायचा तर बदामीजवळच्या महाकूट परिसरात जा. तिथे कलादगी नावाच्या जुन्या गाळाच्या खडकांत तो आहे.

प्रश्न : चकमक म्हणजे फ्लिंटच का?

उत्तर : फ्लिंट म्हणजे चॉकच्या (मऊ, पांढऱ्या चुनखडकाच्या) थरांत गोळ्यांच्या रूपात सापडणारा गडद चर्ट. चकमकीला मात्र असा कोणताही कठीण, धारदार दगड चालतो, तुमची गारगोटीसुद्धा. ठिणगी दगडाची नसतेच. दगडाने खरवडलेली पोलादाची बारीक कपची हवेत पेटते.