वाचकांचे प्रश्न : होडीच्या फळ्यांचे सपाट फर्मे

प्रश्न : घरी बांधण्यासाठी मी सुमारे साडेतीन मीटर लांबीच्या, वल्हवण्याच्या लाकडी होडीचे प्रारूप संगणकावर तयार केले आहे. फळ्या ६ मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायमधून कापायच्या आहेत. मात्र त्या संगणकावर सपाट केल्या की तळाची फळी आणि बाजूची फळी यांच्या जोडावरील कडांची लांबी जुळत नाही आणि नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, तर बोटभर फरक पडतो. चूक नेमकी कोठे आहे? रबाळ्याच्या एमआयडीसीत यंत्रावर कापायला देण्यापूर्वी खात्री कशी करून घ्यावी?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : चूक होडीच्या आकारात असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. प्लायचा तक्ता एका वेळी एकाच दिशेने वाकतो. शेंगदाण्याच्या पुडीसारखा शंकू त्याचा होईल, पण चेंडूसारखा फुगवटा होणार नाही. पृष्ठभाग न ताणता कितीही वाकवला तरी त्याच्या प्रत्येक बिंदूपाशी असलेली एक विशिष्ट वक्रता बदलत नाही, असे गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली दाखवून दिले. सपाट तक्त्याची ही वक्रता शून्य असते, त्यामुळे त्यातून घडणाऱ्या फळीचीही ती सर्वत्र शून्यच असावी लागते. आपल्या प्रारूपात नाळेजवळ तळाला दोन्ही दिशांनी गोलाई आलेली असावी. असा भाग सपाट करताना संगणक तो कोठे ताणतो, कोठे दाबतो आणि तक्रार न करता एक आकार हाती देतो. पण लाकूड तसे ताणले जात नाही.

यासाठी प्रत्येक फळी केवळ तिच्या दोन लांब कडांवरून नव्याने घडवावी. या दोन कडांना जोडणाऱ्या सरळ रेषांनी फळी बनते आणि अशा प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांशी पृष्ठभागाचा उतार एकच असावा लागतो. आरेखनाच्या बहुतेक संगणक प्रणालींत गाउसने सांगितलेली वक्रता रंगांनी दाखवण्याची सोय असते, ती अवश्य वापरावी. सरळ रेषा फळीच्या आतच एकमेकींना छेदत असतील, तर जोडाची कड थोडी सरकवून त्यांचा छेदनबिंदू फळीबाहेर न्यावा. नाळेचा थोडा भरदारपणा यात कमी होईल, परंतु तो सोडण्यात माझ्या मते काहीही नुकसान नाही. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये आखलेली ‘मिरर’ ही सुमारे ३.३ मीटरची होडी प्लायच्या फळ्या तांब्याच्या तारेने टाचूनच बांधली जाते आणि हौशी लोकांनी ती हजारोंनी बांधली आहे.

नंतर लगतच्या कडांची लांबी पुन्हा मोजावी. फरक एक-दोन मिलिमीटरच्या आत आला की एक दशांश प्रमाणात जाड पुठ्ठ्याचे फर्मे कापून चिकटपट्टीने जोडावेत. पुठ्ठा ओढूनताणून बसवावा लागला, तर प्लायही बसणार नाही. ही पायरी कृपया वगळू नये.

आडव्या चौकटींचे फर्मे मुळात सपाटच असतात, पण प्रारूप बाहेरच्या पृष्ठभागाचे असेल तर त्यांतून प्लायची जाडी वजा करावी लागते. फळी चौकटीला तिरकी भिडते तेथे ही वजावट ६ मिलिमीटरपेक्षा जास्त येते, म्हणून प्रारूपातच पृष्ठभाग आत सरकवून चौकट काढणे सुरक्षित आहे.

तक्ता २४४० मिलिमीटर लांब असल्याने आपली फळी दोन तुकड्यांतच होईल. तिरक्या सांध्यासाठी, म्हणजे दोन्ही टोके उतरती तासून एकमेकांवर चिकटवण्यासाठी, जाडीच्या आठपट, म्हणजे ४८ मिलिमीटर, जास्तीची लांबी धरावी. कागदी छपाई वापरणार असाल तर पावसाळी दमट हवेत कागद फुगतो, हे लक्षात ठेवून फर्म्यावर एक मीटरची रेघ छापावी आणि ती पोलादी पट्टीने तपासावी. कारखान्यात डीएक्सएफ (यंत्राला कापायच्या रेषा सांगणारी) फाइल देतानाही हीच रेघ उपयोगी पडते, कारण फाइल मिलिमीटरमध्ये आहे की इंचांत याची खातरजमा तिच्यावरून कापण्यापूर्वीच होते.