सांगलीतल्या डॉक्टरने तपासणीच्या नावाखाली गैरवर्तन केलं, पेपरवाल्यांकडे गेलं तर उपयोग होतो का?

होतो ताई, पण पहिल्याच दिवशी बातमी छापून येईल असं समजू नका. नुसत्या आरोपावर डॉक्टरचं नाव छापलं तर अब्रुनुकसानीचा दावा लागतो, म्हणून चांगला बातमीदार आधी कागद मागतो: केसपेपर, बिल, अपॉइंटमेंटचा मेसेज, त्या वेळी खोलीत नर्स होती का. त्याच रात्री घरच्या कुणाला व्हॉट्सअ‍ॅप केलं असेल तर ते पुसू नका, तारीख-वेळेसकट फार कामाला येतं.

तुमच्यासारख्या आणखी बायका निघाल्या तर चित्रच बदलतं. अमेरिकेत इंडियानापोलिस स्टार या शहरी पेपरने 2016 मध्ये जिम्नॅस्टिक संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्याविरुद्ध बातमी छापली, ती त्याच पेपरची आधीची एक बातमी वाचून एका माजी खेळाडूने केलेल्या ईमेलवरून. नंतर दीडशेहून जास्त जणी कोर्टात बोलल्या.

आपल्याकडची अडचण वेगळी. पेपरच्या वर्धापनदिनाच्या पुरवणीत हॉस्पिटलच्या पानभर जाहिराती असतात, म्हणून डॉक्टरविरुद्ध छापायला कधी कधी कचरतात. स्थानिक वार्ताहर गप्प बसला तर जिल्हा आवृत्तीच्या संपादकांना गाठा.

नावाचं म्हणाल, तर बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. विनयभंगाला (कलम 74) ते कलम लागत नाही, तेव्हा नाव न छापण्याचं आधीच लेखी घ्या.

आणि पोलिसांत तक्रार, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे अर्ज, हे बातमीसाठी थांबवू नका. एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येते.