बंबाच्या जळणासाठी कुऱ्हाड की यंत्र?

प्रश्न : रोज बंबापुरतं जळण लागतं. सुरूचे ओंडके फोडायला विजेवरचं यंत्र घ्यावं का?

उत्तर : एवढ्यासाठी यंत्र नको. सुरू ओला असतानाच फोडा. वाळल्यावर तो फार कठीण जातो. ओंडके फूटभर लांबीचे कापा. कापलेल्या तोंडावरच्या चिरेच्या रेषेत, कडेकडून घाव घाला. मोठ्या ओंडक्याच्या मध्यावर घातलात, तर कुऱ्हाड रुतून बसते. रुतलीच तर तिच्या माथ्यावर घण अजिबात मारू नका. दांड्याचं भोक फाकतं, पुढे पातं निसटून अंगावर येऊ शकतं. शेजारी लोखंडी पाचर ठोका, कुऱ्हाड आपसूक सुटते.

गाठाळ लाकडांचा ढीग दरवर्षी पडत असेल, तरच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबानं लाकूड फोडणाऱ्या यंत्राचा विचार करा. तेही, हात आत सापडू नये म्हणून, दोन्ही हातांनी कळ दाबल्याशिवाय न चालणारंच घ्या.