‘शाळेच्या वर्तमानपत्राचा तास घेतला तर वर्ष वाया जाईल का?’

कॅलिफोर्नियात फेब्रुवारीच्या सुमारास पुढच्या वर्षीचे विषय भरून द्यायची वेळ आली, की माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या मराठी आईबाबांकडून हा प्रश्न हमखास येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी दहावीत. अकरावीसाठी बाबांनी चार एपी, म्हणजे शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय ठरवले होते. त्यातलं कम्प्युटर सायन्स खोडून तिनं शाळेच्या वर्तमानपत्राचा वर्ग लिहिला. तो नाही मिळाला तर क्रिएटिव्ह रायटिंग किंवा मिथॉलॉजी, म्हणजे पुराणकथा. बाबा वैतागले होते. “मॅडम, गोष्टी हिला आजीनं ढिगानं सांगितल्यात. त्यासाठी शाळेचा तास कशाला घालवायचा?” आईची धास्ती वेगळीच : मिथॉलॉजीत धर्म तर शिकवत नाहीत ना?

आईचं उत्तर सोपं होतं. इथल्या सरकारी शाळांत प्रार्थना किंवा उपासना म्हणून बायबल वाचून घेता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९६३ मध्येच सांगितलंय. साहित्य किंवा इतिहास म्हणून मात्र शिकवता येतं. या वर्गात मुलं बहुतेक करून ग्रीक-रोमन कथाच वाचतात.

बाबांना आकडे हवे होते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, म्हणजे यूसीला, प्रवेशासाठी ‘ए-जी’ या ठरलेल्या विषयगटांतले वर्षभराचे १५ विषय लागतात, आणि त्यातला एक ऐच्छिक असतोच. प्रत्येक शाळेचे मान्य विषय यूसीच्या यादीत बघता येतात. आम्ही तिथेच बसून शोधलं. पेपरचा वर्ग यादीत होता. दुसरं म्हणजे, एपीचे वाढीव गुण यूसी आठच सत्रांपुरते धरते. एका विषयाची वर्षाला दोन सत्रं, म्हणजे दहावीतला एक आणि अकरावीतले तीन एपी, झाली आठ सत्रं. चौथ्यानं वाढीव गुणांत काहीच भर पडणार नव्हती. अभ्यासक्रम किती कठीण घेतला हे यूसीवाले बघतात, तेही मी लपवलं नाही. बाबांनी बोटांवर दोनदा मोजलं.

मग मी दोघांना बाहेर बसवलं. लिहायची आवड वगैरे ऐकायला मिळेल, अशी माझी अपेक्षा.

“मावशी, मला झोप हवीय,” ती म्हणाली. रोज दीड वाजायचा. पेपरच्या वर्गाला परीक्षा नाही, असं मैत्रिणीनं सांगितलं होतं.

म्हणजे बापलेकीचं एका बाबतीत एकमत होतं : हा विषय फुकटचा आहे. तो तसा अजिबात नाही. अंक निघायच्या आठवड्यात मुलं संध्याकाळी उशिरापर्यंत शाळेत असतात. अनोळखी माणसांना फोन करावे लागतात. आणि कॅलिफोर्नियात १९७७ पासूनच्या कायद्यानं काय छापायचं हे मुख्यत्वे विद्यार्थी संपादकच ठरवतात. मुख्याध्यापकांना आवडली नाही, एवढ्यावरून बातमी काढून टाकता येत नाही. पण नाव चुकलं तर दुरुस्तीही मुलांनीच छापायची. मी हे सांगत गेले तसा तिचा चेहरा पडत गेला. मी म्हटलं, एक संध्याकाळ तिथे बसून बघ आणि मग ठरव.

ती गेली. मुलाखती घ्यायची भीती वाटली, म्हणाली, पण तीन जण एका मथळ्यावरून पाऊण तास भांडत होते, ते भलतंच आवडलं.

शेवटी तीन एपी आणि पेपर, असं ठरलं. झोपेसाठी शनिवारचा स्पर्धा-गणिताचा क्लास बंद केला. घरात खरा वाद त्यावर झाला, विषयांवर नाही. क्लासची आगाऊ भरलेली फी परत मिळाली नाही, हे आई मला अजून ऐकवते.